प्रो रेसलिंग स्कूल निवडायचंय? फी भरायच्या आधीची कामं, क्रमाने

बहुतेक जण हे सगळं उलट्या क्रमाने करतात. आधी रील बघतात, मग "थोड्याच सीट्स उरल्यात" वाचून घाईघाईत डिपॉझिट टाकतात, मग जाऊन रिंग बघतात, आणि डॉक्टरकडे सगळ्यात शेवटी, तेही मान दुखायला लागल्यावर. यात पैसे जातात ते जातातच, पण पहिल्या दोन-तीन महिन्यांत चुकीचं पडायची सवय लागली की ती मोडायला पुढे बराच वेळ जातो.

इथे आपण डब्ल्यूडब्ल्यूई टाइपच्या शोमधल्या रेसलिंगबद्दल बोलतोय. निकाल आधी ठरलेला असतो हे सगळ्यांना माहितीये, पण पडणं खरं असतं. रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर फळ्या किंवा प्लायवूड, वर फोमचा पातळ थर आणि त्यावर ताणलेला कॅनव्हास, बस. काही रिंगना मध्ये स्प्रिंग असते, तरीही ती गादी नाही. त्यामुळे "परवडणारं स्कूल" याचा अर्थ नुसती कमी फी असा घेऊ नका. ट्रेनरच्या नजरेखाली रिंगमधलं एक मिनिट तुम्हाला केवढ्याला पडतं, तो हिशोब महत्त्वाचा. तो कसा काढायचा ते पुढे येईलच.

## १. आधी डॉक्टर, मग बाकीचं

स्कूल शोधायला सुरुवात करायच्या आधीच एकदा तपासणी करून घ्या. नुसतं "फिट आहे" असं सर्टिफिकेट आणू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मी पाठीवर जोरात पडण्याचा सराव करणार आहे, आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी बऱ्याचदा. हे सांगितलं की तपासणीच वेगळी होते. मान, पाठीचा कणा, खांदे, गुडघे, हार्ट, आणि आधी कधी डोक्याला मार लागून चक्कर, उलटी किंवा विसरायला होणं असं काही झालं असेल तर ते लपवू नका.

सोबत एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी यांच्या ब्लड टेस्ट करून ठेवा, हेपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर डॉक्टरांना तेही विचारा. रिंगमध्ये ओठ फुटणं, नाकातून रक्त येणं हे होतंच, आणि काही ठिकाणी मॅच लढायला या टेस्टचे रिपोर्ट लागतातच.

इशारा: मानेचं किंवा कण्याचं जुनं दुखणं असेल तर "ट्रेनर सांभाळून घेईल" या भरवशावर जाऊ नका. त्याला तुमचा एक्सरे दिसत नसतो.

## २. दोन-तीन महिने शरीर तयार करा, घरी, फुकटात

हा टप्पा सगळ्यात जास्त लोक गाळतात आणि पैसेही इथेच वाया जातात. स्कूलमध्ये गेल्यावर पहिला महिना नुसती धाप लागण्यात गेला तर तुम्ही रेसलिंगची फी भरून फिटनेस शिकताय, आणि फिटनेस घरीही होतो.

काय करायचं:

- बैठका. न थांबता शंभर निघाल्या पाहिजेत, स्पीडपेक्षा लय महत्त्वाची. बऱ्याच रेसलिंग स्कूलमध्ये वॉर्मअप आणि टेस्ट दोन्हीत बैठका असतात, त्यामुळे यातून सुटका नाही.
- दंड, पुलअप्स, प्लँक.
- मान. हाताने डोक्याला पुढून, मागून, बाजूने रेटा द्यायचा आणि मान हलू द्यायची नाही, एवढ्यापासून सुरुवात करा. पूर्ण ब्रिज (डोकं आणि पाय टेकवून अंगाची कमान करणं) एकदम करू नका.
- थोडं थोडं जोरात पळणं आणि मध्ये चालणं, असे राउंड. मॅचमधला दम हा लांब पळण्याच्या दमापेक्षा वेगळा असतो.
- हनुवटी छातीला चिकटवून पाठीवर झोपणं, उठणं, परत झोपणं. साधं वाटतं पण पुढचं सगळं यावर उभं आहे, आणि मानेच्या पुढच्या स्नायूंना सवय नसेल तर पन्नास वेळा केल्यावर दुसऱ्या दिवशी उशीवरून डोकं उचलताना कळतं.

इशारा: घरी गादी टाकून बंप मारायची प्रॅक्टिस करू नका. बंप म्हणजे ठरवून, शिकलेल्या पद्धतीने पडणं. गादीवर कोपर मागे टेकवलं किंवा डोकं मागे गेलं तरी लागत नाही, म्हणून चूक कळतच नाही आणि तीच चूक रिंगमध्ये घेऊन जाता. मित्राला उचलून आपटणं तर पूर्ण बंद, व्हिडिओ बघून तर नाहीच नाही.

चेक: शंभर बैठका, तीस दंड आणि त्यानंतर दहा मिनिटं सलग हालचाल, एवढं करून तुम्ही नीट बोलू शकताय का? नसेल तर अजून एक महिना थांबा, स्कूल कुठे पळून जात नाही.

## ३. बजेट: फी हा खर्चाचा एकच भाग आहे

वही घ्या आणि पूर्ण वर्षाचा आकडा काढा, महिन्याचा नाही. त्यात फी, येण्याजाण्याचा खर्च (लांबचं स्कूल असेल तर फीपेक्षा हाच जास्त होतो), नी पॅड, रेसलिंग शूज, एल्बो पॅड, इन्शुरन्स, वर्षातून एकदा-दोनदा फिजिओ, आणि दुखापत झाली तर जितके दिवस कामावर जाता येणार नाही त्या दिवसांचा पगार. हा शेवटचा आकडा कोणीच धरत नाही. अंगमेहनतीचं काम करत असाल तर मनगट मुरगळलं तरी महिन्याचं गणित बिघडतं. रिंगचा कॉस्च्युम, बूट, एंट्रीचं जॅकेट वगैरे पहिल्या वर्षाच्या बजेटमध्ये धरूच नका, ते मॅच मिळायला लागल्यावर.

आता मिनिटांचा हिशोब. समजा दोन तासांचा क्लास आहे, त्यातला अर्धा तास वॉर्मअप. उरली ९० मिनिटं. रिंग एकच, आणि एका वेळी एकच जोडी ड्रिल करतेय. क्लासमध्ये वीस जण असतील तर दहा जोड्या झाल्या, प्रत्येक जोडीला ९ मिनिटं. आठ जण असतील तर चार जोड्या, प्रत्येकी २२ मिनिटं. म्हणजे पहिल्या स्कूलची फी दुसऱ्याच्या अर्धी असली तरी तुम्हाला रिंग अर्ध्याहून कमी मिळतेय, आणि येण्याजाण्याचा खर्च तर दोन्हीकडे तेवढाच. स्वस्त ते महाग पडतं ते असं.

अर्थात काही ट्रेनर बाकीच्यांना रिंगच्या बाहेर मॅटवर कामाला लावतात, लॉकअप (समोरासमोर एकमेकांना धरून भिडणं), होल्ड (पकडी), रोल वगैरे, तिथे वीस जणही चालतात. म्हणून आकडा फोनवर विचारा, पण विश्वास डोळ्यांवर ठेवा.

इन्शुरन्स पॉलिसी असेल तर त्यात काय काय वगळलंय ती यादी वाचा. प्रोफेशनल स्पोर्ट्स किंवा धोक्याचे खेळ वगळलेले असतील तर आत्ताच कळलेलं बरं.

## ४. यादी बनवा, पण उलट दिशेने

सर्च करून जे पहिलं येतं ते बऱ्याचदा जाहिरातीला पैसे टाकणारं स्कूल असतं, चांगलं शिकवणारं असेलच असं नाही. त्यापेक्षा असं करा: तुम्हाला जमेल त्या अंतरात होणाऱ्या छोट्या, इंडिपेंडंट (मोठ्या कंपन्यांच्या बाहेरच्या) शोमधले पाच-सहा रेसलर निवडा ज्यांचं काम तुम्हाला सेफ आणि स्वच्छ वाटतं, आणि ते कुठे शिकले ते शोधा. केजमॅच या वेबसाइटवर रेसलरच्या मॅचेसची नोंद असते आणि बऱ्याच जणांच्या प्रोफाइलमध्ये ट्रेनरचं नावही असतं. तीच नावं परत परत यायला लागली की तुमची यादी तयार झाली. तिथेच ट्रेनरचं नाव टाकून त्याने स्वतः किती वर्षं, कुठे, किती मॅचेस केल्यात तेही बघा.

पण एक गोष्ट. मोठं नाव म्हणजे चांगला शिक्षक असं नाही. फेमस रेसलरच्या नावाचं स्कूल असेल तर रोज शिकवायला कोण उभं असतं ते विचारा. तो महिन्यातून एकदा येत असेल आणि बाकी दिवस दोन वर्षं सीनियर असलेला विद्यार्थी शिकवत असेल तर तुम्ही त्या विद्यार्थ्याकडे शिकणार आहात, फी मात्र नावाची.

इशारा: "आमच्याकडून थेट डब्ल्यूडब्ल्यूईत" असं कोणी लिहून दिलं तरी खरं धरू नका. कुणाला ट्रायआउटला (निवड चाचणीला) बोलवायचं आणि कुणाला घ्यायचं हे कंपनीच ठरवते, आणि ऑरलँडोतल्या त्यांच्या परफॉर्मन्स सेंटरमध्ये फी भरून नाही, कॉन्ट्रॅक्ट मिळवून जावं लागतं. २०२४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने आयडी नावाचा प्रोग्रॅम जाहीर केला, त्यात काही बाहेरच्या इंडिपेंडंट स्कूलना मान्यता दिलीये. कोणी "आम्ही त्यात आहोत" म्हणालं तर कंपनीच्या स्वतःच्या घोषणेत नाव आहे का ते बघा, स्कूलच्या पोस्टरवर नाही. आणि असलं तरी ती नोकरीची गॅरंटी नाही.

## ५. त्यांच्या विद्यार्थ्यांचा शो बघा

यादीतल्या प्रत्येक स्कूलचे विद्यार्थी कुठेतरी मॅच करतात. तिकीट काढून जा आणि मेन इव्हेंट सोडा, पहिल्या दोन मॅचेस नीट बघा, नवीन पोरं तिथेच असतात.

डोळ्यांसोबत कानही वापरा. पाठीवरचा बंप बरोबर पडला की एकच सपाट आवाज येतो, कारण वरची पाठ आणि दोन्ही तळहात एकदम टेकतात. आधी एक दणका आणि मागोमाग छोटासा "ठक" असे दोन आवाज आले तर बहुतेक आधी बूड टेकलंय आणि मागून डोकं आपटलंय. एखाद्याचं एकदा झालं तर ठीक, पण एकाच स्कूलच्या तीन पोरांचं तसंच होत असेल तर शिकवण्यातच खोट आहे, ते स्कूल यादीतून काढा.

अजून बघायचं म्हणजे समोरच्याला खाली टाकताना ते त्याला शेवटपर्यंत धरतात का सोडून देतात. स्वतःचा मूव्ह भारी दिसावा म्हणून पार्टनरला वाऱ्यावर सोडणारी पोरं ज्या स्कूलमधून येतात तिथे उद्या तुमचे पार्टनर तेच असणारेत.

## ६. क्लास बघायला जा, पैसे न भरता

आधी फोन करून "एक क्लास बसून बघू का" विचारा. चांगल्या स्कूलला यात अडचण नसते. नाही म्हणाले तर कारण विचारा, लहान मुलांची बॅच असेल तर ते कारण पटण्यासारखं आहे, दुसऱ्या दिवशी बोलवतील. "आमची सिक्रेट पद्धत आहे" हे कारण नाही.

गेल्यावर आधी जागा. कॅनव्हास ताणलेला आहे का, तो कुठे फाटलाय किंवा त्याला घड्या पडल्यात का, फळ्यांमध्ये फट जाणवते का, टर्नबकलवर (कोपऱ्यात रोप्स खांबाला जोडणारे लोखंडी भाग) पॅड आहेत का. रोप्स बऱ्याच ठिकाणी रबरी नळी चढवलेली स्टीलची केबल असते, ती सैल असेल तर धावत येऊन पाठ टेकवताना माणूस बाहेर जातो, म्हणून ट्रेनर क्लासच्या आधी टेन्शन तपासतो का बघा. रिंगच्या बाहेर जमिनीवर मॅट, फर्स्ट एड, बर्फ, हवा खेळती आहे का.

स्वच्छतेकडे कोणी बघत नाही, तुम्ही बघा. गजकर्ण, स्टॅफ इन्फेक्शन (त्वचेचा बॅक्टेरियाचा संसर्ग), नागिणीसारखे फोड येणारा हर्पीस, हे सगळं मॅटवरून आणि अंगाला अंग लागून पसरतं. कॅनव्हास प्रत्येक सेशननंतर जंतुनाशकाने पुसला जातो का, अंगावर चट्टा असलेल्याला घरी पाठवतात का, बाथरूमला गेलेली पोरं त्याच बुटांनी रिंगमध्ये चढतात का. हे शेवटचं एकदा दिसलं तर बाकी प्रश्न विचारायची गरज नाही.

मग ट्रेनर. तो चूक कशी सांगतो ते ऐका. "अजून जोरात" एवढंच ओरडत असेल तर तो शिकवत नाहीये. "तुझी हनुवटी सुटली, हात अंगापासून पंचेचाळीस अंशात हवेत, तू कोपरावर पडतोयस, श्वास सोड" असं नेमकं सांगत असेल, आणि ते सांगून परत करून घेत असेल, तर थांबून पूर्ण क्लास बघा.

## ७. हे प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या

सगळ्यात महत्त्वाचा आधी: "डोक्याला लागलं तर तुम्ही काय करता?" बरोबर उत्तर असं असतं की त्या दिवशी ट्रेनिंग बंद, डॉक्टरकडे, आणि त्यांनी हो म्हटल्यावर टप्प्याटप्प्याने परत, आधी हलका व्यायाम, मग ड्रिल, बंप सगळ्यात शेवटी. कन्कशन (डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला धक्का) पूर्ण बरं व्हायच्या आत दुसरा मार बसला तर मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो, क्वचित होतं पण होतं. "पाणी पी, दहा मिनिटं बस" हे उत्तर मिळालं तर फी कितीही कमी असो, तिथून निघा.

बाकीचे:

- पहिल्या मॅचपर्यंत साधारण किती वेळ? सहा महिने, वर्षभर किंवा त्याहून जास्त हे नॉर्मल आहे. महिन्याभरात मॅच देतो म्हणणारा तुमच्या घाईचा फायदा घेतोय.
- दुखापत झाली तर फी थांबते का?
- महिन्याची फी आहे का एकरकमी? अर्ध्यात सोडलं तर परत काय मिळतं?
- रिंग लावणं-काढणं, शोच्या दिवशी काम करणं हे अपेक्षित आहे का? हे बऱ्याच ठिकाणी चालतं आणि त्यातून शिकायलाही मिळतं, पण किती दिवस ते आधी कळू द्या. विद्यार्थ्यांनी ठरावीक तिकिटं विकायचीच, नाही विकली तर स्वतःच्या खिशातून भरायची, असा नियम असेल तर तो छुपा खर्च बजेटमध्ये टाका.
- मुली आणि अठराच्या आतली मुलं यांच्यासाठी काय नियम आहेत? वेगळी चेंजिंग रूम, एकट्या ट्रेनरसोबत एकटं मूल नाही, तक्रार कुणाकडे करायची.

या शेवटच्या प्रश्नाला लाजू नका. २०२० मध्ये स्पीकिंग आउट या नावाने रेसलिंगमधल्या शेकडो लोकांनी छळाचे अनुभव मांडले, त्यात ट्रेनिंग स्कूलमधल्या गोष्टीही होत्या, आणि ब्रिटनमध्ये तर खासदारांच्या गटाने २०२१ मध्ये रिपोर्ट काढून स्कूलना नियम हवेत असं म्हटलं. या प्रश्नावर जो ट्रेनर चिडतो त्याच्याकडे जाऊ नका, माझं यावर दुसरं मत नाही.

## ८. ट्रायल क्लास

दोन स्कूल उरली की दोन्हीकडे ट्रायल घ्या, पैसे लागले तरी. आदल्या दिवशी जड व्यायाम नको, नखं कापा, अंगठी-कडं-चेन काढा, स्वच्छ बूट वेगळे न्या.

पहिल्या दिवशी काय व्हायला पाहिजे: वॉर्मअप, पुढचे-मागचे रोल, उभं कसं राहायचं, लॉकअप, आणि फार तर बसलेल्या किंवा उकिडव्या पोझिशनमधून मागे पडणं, तेही शक्यतो जाड मॅटवर. उभ्याने बंप नंतर. रोप्सवर पळवलं तर तीन पावलांत पलीकडे, पाठीची बाजू रोपला आणि हाताने वरचा रोप धरलेला, आणि दुसऱ्या दिवशी बगलेखाली निळं-काळं दिसलं तर घाबरू नका, ते सगळ्यांना होतं. होल्ड शिकवताना ट्रेनर डाव्या हातावर, डाव्या बाजूवर काम करायला सांगेल, बहुतेक ठिकाणी तीच पद्धत आहे, मेक्सिकोच्या लुचामध्ये (तिथल्या रेसलिंगमध्ये) उजवी बाजू असते. असं का विचारल्यावर तो नीट समजावून सांगतो का, हाही एक चेक.

काय होऊ नये: पहिल्याच दिवशी कुणी उचलून आपटणं, "नवीन आहेस ना" म्हणून छातीवर सगळ्यांनी चापट्या मारणं, उलटी होईपर्यंत बैठका आणि त्यावर हसणं. कडक ट्रेनिंग आणि छळ यातला फरक सोपा आहे, कडक ट्रेनर तुम्ही थांबायला सांगितल्यावर थांबतो.

चेक: दुसऱ्या दिवशी सकाळी अंग दुखणारच. पण डोकं दुखणं, मळमळ, उजेड सहन न होणं, हातात मुंग्या येणं यातलं काहीही असेल तर डॉक्टर, आणि स्कूलला कळवून ते कसं वागतात तेही बघा.

## ९. कागद घरी आणा

सहीसाठी कागद पुढे केला की "उद्या देतो" म्हणा. घरी वाचा, समजणाऱ्या कुणालातरी दाखवा. लाल खूण कुठे करायची: तुमच्या पुढच्या कमाईत स्कूलचा हिस्सा, दुसऱ्या प्रमोशनमध्ये (शो भरवणाऱ्या कंपनीत) लढायला बंदी, तुमच्या रिंगमधल्या नावावर आणि कॅरेक्टरवर त्यांचा हक्क, आणि कुठल्याही कारणाने फी परत नाही हे कलम. दुखापतीची जबाबदारी तुमची असं सगळीकडे लिहिलेलंच असतं, पण त्यासोबत स्कूलचा स्वतःचा इन्शुरन्स आहे का ते विचारा आणि तो कागद बघायला मागा.

पहिल्या तीन महिन्यांत एकरकमी फी भरू नका, वर्षाच्या फीवर कितीही डिस्काउंट असलं तरी. महिन्याची फी थोडी जास्त पडेल, पण सोडून जायची मोकळीक त्यात आली. पावती प्रत्येक वेळी, कॅश दिली तरी.

## १०. पहिला महिना: फोन कोपऱ्यात लावा

परवानगी घेऊन स्वतःचे बंप आठवड्यातून एकदा रेकॉर्ड करा आणि स्लो करून फक्त तीन गोष्टी बघा: हनुवटी, कोपर, आणि आधी काय टेकतंय. चौथ्या आठवड्याचा व्हिडिओ पहिल्याच्या शेजारी ठेवा. फरक दिसत नसेल तर ट्रेनरला दोन्ही दाखवा आणि काय बदलायचं ते विचारा. त्याने बसून बघितलं, नेमकं काही सांगितलं, तर तिथेच राहा. फोनकडे न बघताच "होईल, होईल" म्हणाला, तर यादीतल्या दुसऱ्या स्कूलला फोन करा आणि या महिन्याची फी संपायच्या आत लेखी कळवून मोकळे व्हा.